दूधवाल्याची धाकटी आणि मैदानावरचा भोंगा

मी भोंगा बोलतोय. तसा मी आयुष्यभर बोलतच आलोय, पण दुसऱ्यांचं. कुणीतरी खटका दाबायचा, मला तोंडाशी धरायचं आणि मी ते चारपट मोठ्याने सांगायचं. आज खटका कुणी दाबलेला नाही, म्हणून जरा माझं स्वतःचं सांगून घेतो.

माझा जन्म प्लास्टिकच्या कारखान्यातला. पांढरं अंग, लाल तोंड. माझे काही भाऊ निवडणुकीत गेले आणि त्यांचे घसे कायमचे बसले. माझं नशीब बरं, मला सरांनी घेतलं.

सर शाळेत कवायत शिकवायचे. निवृत्त झाल्यावर वस्तीतल्या मैदानावर ते दरवर्षी धावण्याच्या शर्यती भरवू लागले. मैदान म्हणजे काय, एका अंगाला पाण्याची टाकी, दुसऱ्या अंगाला गॅरेजची भिंत आणि मधे चुन्याने आखलेल्या रेघा. अंतिम फेरीतले पहिले तीन शहराच्या संघात जायचे, त्यामुळे मुलं जीव तोडून पळायची.

सरांची पद्धत साधी. नावं तोंडी घ्यायची, चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठी खिशात टाकायची. उजव्या खिशात मुली, डाव्या खिशात मुलगे आणि तक्रारी चष्म्याच्या डबीत. चिठ्ठीवर तरी नाव कुठे असायचं? 'आपला बुटक्या', 'गॅरेजवाल्याचा भाचा', 'टाकीजवळची चष्मेवाली'. एकदा मी "छोटू, रेषेवर ये!" म्हणून ओरडलो, तर तिघे आले. त्यातला एक सरांपेक्षा वीतभर उंच.

सरांची सून दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. ती म्हणायची, "बाबा, आमच्याकडे असं लिहिलं तर एकाचं प्लास्टर दुसऱ्याच्या पायाला बसेल."

"तुमच्याकडे अनोळखी येतात, सूनबाई. माझ्याकडे सगळे ओळखीचे."

गेल्या वर्षी या ओळखीनेच घात केला. दूधवाल्याच्या तीन मुली. प्राथमिक फेरीत मधली पहिली आली. सरांनी चिठ्ठीवर लिहिलं, 'दूधवाल्याची धाकटी'. कारण सरांनी ते घर पाहिलं, ओळख झाली, तेव्हा मुली दोनच होत्या आणि ही धाकटी होती. पुढे तिसरी झाली, मोठी झाली, पळायलाही लागली. पण सरांच्या डोक्यात धाकटी म्हणजे हीच.

अंतिम फेरीला मी पुकारलं, "दूधवाल्याची धाकटी!" खरी धाकटी पहिल्याच फेरीत बाद झाली होती. पण भोंग्यातून हाक आली म्हटल्यावर ती हरखून पळत सुटली. मधलीने बुटाच्या नाड्या बांधल्या होत्या, त्या सोडल्या आणि भिंतीला टेकून बसली. आपण निवडले गेलो नाही, असंच तिला वाटलं. धाकटी शेवटची आली. घोळ सगळ्यांच्या लक्षात आला, तोवर संघाची नावं पुढे गेली होती.

या वर्षी नावनोंदणी सुरू झाली आणि मुलींची आई सकाळी दूध घालायला आली. "सर, मोठी पळेल, धाकटी पळेल. मधली नाही येत."

"का गं? पाय दुखतोय का तिचा?"

"पाय ठणठणीत आहे. ती म्हणते, सरांच्या चिठ्ठ्यांत मधली अजून जन्मालाच आली नाही."

सरांनी दुधाचं पातेलं ओट्यावर ठेवलं. मग आत गेले आणि दोन्ही खिसे सुनेसमोर उलटे केले. "घे. काय करायचं ते कर. फक्त मला कळेल असं कर."

तिने संगणकावर एकच तक्ता केला. एका मुलाला एक ओळ: पूर्ण नाव, जन्मतारीख, घरचा फोन आणि एक नंबर. तोच नंबर छातीवर, पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत. वेळ लिहायची ती नंबरासमोर. एकाने सांगायची, लिहिणाऱ्याने मोठ्याने म्हणून दाखवायची.

"छातीवर नंबर? शर्यत आहे की तुरुंग?" सर कुरकुरले.

"हाक तुम्ही नावानेच मारा, बाबा. नंबर आहे तो नाव चुकू नये म्हणून."

"आणि छोटू, बुटक्या, त्यांचं काय?"

"लाडक्या नावांचाही रकाना केलाय."

"मग ठीक आहे."

त्या संध्याकाळी सर स्वतः दूधवाल्याच्या दारात गेले. मी गळ्यात होतोच. मधली बाहेर आली.

"नाव सांग," सर म्हणाले.

"तुम्हाला माहीत नाही?"

"नाही. म्हणून तर विचारतोय."

तिने नाव सांगितलं. मग न विचारता जन्मतारीखही सांगितली.

शर्यतीच्या दिवशी अंतिम फेरीला सरांनी खटका दाबला. आधी नंबर पुकारला, मग तिचं पूर्ण नाव. इतकी वर्षं मैदानावर ओरडलो, पण ते नाव माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघत होतं. पुढे सवयीने सर म्हणाले, "म्हणजे आपल्या दूधवाल्याची..." आणि अडखळले. मग जोरात म्हणाले, "मधली!" मी असा काही ओरडलो की टाकीवरची कबुतरं उडाली.

ती तिसरी आली, अगदी थोडक्यात. धापा टाकत थेट टेबलाशी आली. सरांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "बघ, आहेस ना?"

तिने ओळीवर बोट ठेवलं. "आहे."

"आलीस ना जन्माला?"

"आले, सर. जरा उशिरा."

आता मैदानावर मोठे स्पीकर आलेत. माझ्या सेलचं झाकण रबराने बांधलेलं आहे आणि मी कपाटात, धुऊन घडी घातलेल्या नंबरांच्या शेजारी असतो. तक्रार नाही. कधी वीज गेली तर मला जरूर काढा. फक्त एवढं करा, हाक कुणाला मारायची ते आधी नीट लिहून ठेवा. माझ्या तोंडून निघालेलं मला परत आत घेता येत नाही, आणि भिंतीला टेकून बसलेलं पोर आपणहून उठून विचारायला येत नाही.