कारिनचा निकाल

कारिनचा निकाल तुम्ही दाबून ठेवलात. स्केटिंगच्या परीक्षांचे नियम लिहिणाऱ्यांनो, तुम्हीच. वय वाढलं की माणसाचं माप सैल करायचं आणि वर त्याला दया म्हणायचं, ही तुमची रीत.

सरोवराकाठच्या थंड डुलुथ शहरातल्या अर्डिस लिंडवॉलला ती दया नको होती. तिची धाकटी बहीण कारिन सोळाव्या वर्षी सरोवराच्या पातळ बर्फातून खाली गेली ती बुडालीच. स्केटिंगची परीक्षा तोंडावर आलेली, क्लबच्या रिंकवर, त्या बंदिस्त बर्फाच्या मैदानावर, वेळ मिळेना, म्हणून पोर तिथे सरावाला गेली होती. तेव्हापासून अर्डिस बर्फावर उतरली की मागे आणखी एका स्केटचं पातं बर्फ खरवडायचं. ती थांबली की ते क्षणभर उशिरा थांबायचं. कारिनची राहिलेली परीक्षा आपण दिली की ती सुटेल, असं अर्डिसने मनाशी धरलं आणि पन्नाशी उलटल्यावर सराव सुरू केला.

परीक्षेच्या वाटा दोन. एक नेहमीची, एक वयाने मोठ्यांची. परीक्षेच्या या पायरीवर बर्फावर घ्यायची वळणं दोन्हीकडे सारखीच, फक्त मोठ्यांना पास व्हायला गुण कमी लागतात. नेहमीची परीक्षा कुठल्याही वयात देता येते. पण पिकले केस दिसले की क्लबवाले न विचारता मोठ्यांत ढकलतात.

"डोरीन, मी नेहमीची सांगितली होती," परीक्षेच्या सकाळी अर्डिस आपल्या प्रशिक्षक बाईला म्हणाली.

"अगं, मोठ्यांत नाव घातलं ते तुझं भलंच केलंय. गुडघे बघ, जुन्या दारासारखे करकरतात."

"करकरू देत. बदल."

"परीक्षक बसल्यात आता. उतर मुकाट्याने."

ती उतरली. परीक्षेत कोणी टाळ्या वाजवत नाही. त्या शांततेत मागचं पातं प्रत्येक वळणावर ऐकू येत होतं, हलकं, घाईचं. शेवटच्या वळणावर ते अगदी पाठीशी आलं आणि तिच्या मानेवरून सरोवराचा ओला वारा गेला.

"पास," परीक्षक बाई हसल्या. "या वयात, छानच की."

अर्डिस थांबली. पातं थांबलं नाही. येरझारा घालत राहिलं.

"नेहमीच्या गुणांनी पास झाले असते का?"

"ते आम्ही बघितलंच नाही. मोठ्यांच्या मापाने बघितलं."

"डोळे तुमचेच, वळणं तीच. मग?"

"पास झालात ना? जा, गरम कॉफी घ्या."

पुढची मुलगी आत यायला खोळंबली होती. डोरीन दार धरून हाका मारत होती. अर्डिस बर्फाच्या मधोमध उभीच.

"मी सोळा वर्षांची असते तर काय लिहिलं असतंत? तेवढं सांगा. कारिन ऐकायला थांबलीय."