न उडालेला शिक्रा

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो. तोंडाला पोचा आलाय, आवाज मात्र शाबूत. जळगाव जामोदच्या कितीतरी लग्नांत मी सनई वाजवली, निवडणुकीत जीपवर बसून गावोगाव फिरलो. एकदा तर असा ओरडलो, की सातपुड्यातला वाघ कानांत बोटे घालून बसला. खोटे वाटत असेल तर वाघाला विचारा.

म्हातारपणी माझ्या मालकाने, गोकुळने, मला त्याच्या शेतातल्या कडुनिंबावर उंच टांगले, बॅटरीही वरच बांधली. उन्हाळी ज्वारी दाण्यावर आली होती आणि चिमण्यांचे थवे उतरत होते. त्याने माझ्या घशात शिक्र्याची आरोळी भरली. शिक्रा म्हणजे पाखरे मारून खाणारा, ससाण्याचा भाऊबंद. सकाळपासून सांजेपर्यंत मी दर पाच मिनिटांनी ओरडायचो. चिमण्या पळाल्या. शेजारपाजारचे शेतकरी मला बघायला आले, आणि मी फुगलो.

विहिरीजवळच्या लिंबोणीच्या झाडात बुलबुलीची तीन पिल्ले होती. बुलबुल बिचारी ज्वारीला शिवतही नव्हती, पिल्लांसाठी अळ्या वेचायची. पण मी ओरडलो, की चोचीतली अळी टाकून दाट पाल्यात दडायची. माझ्यापाशी ना नख्या ना पंख, हे तिला कोण सांगणार?

गोकुळची आई झुंबरबाई हे रोज बघत होती.

"गोकुळ, बंद कर ना बापू थो भोंगा. पिल्लं उपाशी हायेत."

"काऊन माय, बुलबुलीनं अर्ज देला का?"

"तिले लिहिता येत असतं तं देला असता."

"चार दिवस थांब. जवारी कापली का करतो बंद."

म्हातारीचा हात माझ्यापर्यंत पोचत नव्हता. चारही दिवस मी ओरडलो.

पाचव्या दिवशी कापणी झाली आणि गोकुळने मला गप्प केले. झुंबरबाईने लिंबोणीची फांदी वाकवली. तिन्ही पिल्ले चोची उघड्या ठेवून मेली होती.

गोकुळने आभाळाकडे पाहिले. "शिक्रा आला असन, माय."

"आला असता तं उचलून नेले असते," ती म्हणाली.

दोघे बाजूला झाले, तशी बुलबुल आली. चोचीत हिरवी अळी होती. घरट्याच्या काठावर बसून तिने ती एकेका चोचीत घालून पाहिली.

मित्रांनो, पिकाची राखण जरूर करा. पण मला झाडावर टांगण्याआधी आसपासची घरटी बघून घ्या. ओरडणे मला येते. थांबणे माझ्या हातात नसते.