मधल्या फरशीवरचा आवाज

मास्तरांचा जुना अ‍ॅम्प एकच होता, पण दहांना भारी होता. त्यावर मास्तरांनी गिटारची जाड तार छेडली की समोरच्या बिऱ्हाडातल्या दह्याचं परत दूध व्हायचं, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं. मास्तर म्हणायचे, "दह्याचं मला ठाऊक नाही, पण समोरच्या काकांची कवळी पेल्यातून उडी मारून बाहेर आली, ती मी या डोळ्यांनी पाहिली." एक गिटार, एक वायर, एक अ‍ॅम्प आणि त्या एकाच जागेवरून निघणारा आवाज. याला मोनो म्हणतात. मास्तरांची उभी हयात मोनोत गेली आणि मजेत गेली.

मग मेव्हण्याच्या अंगात आलं. हा मेव्हणा स्पीकर भाड्याने द्यायचा, आणि मास्तर दर शनिवारी ज्या हॉटेलात वाजवायचे तिथलं साउंडचं कामही त्याच्याकडेच होतं.

"भावजी, तुमचा आवाज म्हणजे दारात उभं राहून हाका मारणारा पाहुणा," तो म्हणाला. "स्टिरिओ करा. डावीकडे एक अ‍ॅम्प, उजवीकडे एक. पाहुणा कसा घरभर हिंडतो बघा! मालकालाही तेच हवंय. नाहीतर तो दुसरा वाजवणारा बघतोय, सांगून ठेवतो."

दुसरा बघतोय म्हटल्यावर मास्तर कसले नाही म्हणतात? मेव्हण्याने एक जुना अ‍ॅम्प उचलून आणला, त्याच्यासाठी स्वतःच्या हाताने खोकं ठोकून त्यात स्पीकर बसवला, वायरी जोडल्या, चहा ढोसला आणि गेला.

दुपारी मास्तरांनी जुना अ‍ॅम्प उजवीकडे ठेवला, नवं खोकं डावीकडे, आणि समोर बरोबर मधल्या फरशीवर स्टूल मांडून बसले. जाड तार छेडली.

आणि आवाज गेला.

सगळा नाही. पत्र्याच्या डब्यात माशी अडकावी तशी पातळ तारांची खरखर कुठूनतरी येत होती. पण पोटातून निघणारा तो घुमारा, ज्याच्यावर मास्तरांची चूल पेटत होती, तो नव्हताच. बोटाखाली तार तर थरथरत होती. म्हणजे वाजत होतं. मग ऐकू का येत नव्हतं?

मास्तरांच्या तळपायाला घाम फुटला.

त्याला कारण होतं. मास्तरांचे वडील, अण्णा, क्लॅरिनेट वाजवायचे, आणि त्यांचे कान ऐन उमेदीत गेले. आधी म्हणे जाड आवाज गेले, मग माणसांचे, शेवटी दाराच्या कडीचा. त्यानंतर ते मांडीवर रेडिओ घेऊन बसायचे आणि मान डोलवायचे. रेडिओ बंद पडला तरी मान चालूच. ती डोलणारी मान मास्तरांना अजून स्वप्नात दिसायची.

त्यांनी खिशातली किल्ली काढून फरशीवर टाकली. खण्ण! ऐकू आलं. पण अण्णांनाही सुरुवातीला किल्ल्या ऐकू यायच्याच की! मास्तर तीच तार पुन्हा पुन्हा छेडत राहिले, जणू आतला कोणीतरी दार उघडेल.

तेवढ्यात बायको वाळलेली चादर खांद्यावर टाकून कपाटाकडे निघाली. मास्तरांच्या पाठीशी आली आणि थबकली.

"वाजवता वाजवता थांबलात का?"

मास्तर तर वाजवतच होते. त्यांनी मागे वळून पाहिलं. "तुला... तुलाही ऐकू येत नाही?"

"मला काय धाड भरलीय? इथे येत नाही." ती दोन पावलं बाजूला सरकली. "इथे येतंय." पुन्हा मागे आली. "इथे गायब! अहो, आवाजाला भोक पडलंय का?"

"म्हणजे तूही बहिरी!" मास्तर आनंदाने ओरडले.

"जीभ झडो तुमची!"

मास्तरांनी मेव्हण्याला फोन लावला.

"हात्तिच्या! एक वायर उलटी लागली असेल," तो म्हणाला. "लाल वायर संपली होती, दोन्ही काळ्याच जोडल्या. आता एक स्पीकर हवा पुढे ढकलतोय तेव्हा दुसरा मागे ओढतोय. मधोमध दोघांची मारामारी होते आणि आवाज मरतो. टोकं अदलाबदल करा, झालं काम."

"हे मला आत्ता सांगतोस?"

"तुम्ही आत्ता विचारलंत!"

मास्तरांनी टोकं बदलली आणि तार छेडली. घुमारा असा आला की भांड्यांनी कपाटात जागा बदलल्या आणि समोरच्या काकांनी खिडकी लावून घेतली. मागे उभी असलेली बायको म्हणाली, "अगं बाई! डावीकडून नाही, उजवीकडून नाही, आवाज अगदी तुमच्या कपाळातून निघाल्यासारखा. मधोमध!"

मास्तर हसले, आणि ते हसू तोंडावर तसंच राहिलं. त्यांना तो मधोमध येत नव्हता. उजवीकडून येत होता. फक्त उजवीकडून.

"डावा जरा वाढव गं."

तिने वाढवला. "आता फारच डावीकडून येतंय हो."

मास्तरांना अजून उजवीकडूनच येत होता. खोकंच कुचकामी असणार, त्यांनी मनाची समजूत घातली. मेव्हण्याच्या हातचं, आणखी काय होणार! पण बायकोला ते ऐकू येत होतं, त्याचं काय? खात्री करायला फार अक्कल लागत नव्हती. स्टूल उलटं फिरवायचं, अ‍ॅम्पकडे पाठ करायची. जुना अ‍ॅम्प आता डाव्या हाताला येणार, म्हणजे दोष खोक्यात असेल तर आवाज डाव्या कानाला लागायला हवा.

ते फिरले. बोट तारेवर ठेवलं. बोट उठेना. शनिवार, मालक, हॉटेल, सगळं त्या बोटावर येऊन बसलं होतं. शेवटी बोट आपोआपच निसटलं.

आवाज त्यांच्याबरोबर फिरला होता. पुन्हा उजव्याच कानात.

आता त्यांना कळलं. एकाच जागेवरून येणारा आवाज एका कानाने ऐकला काय आणि दोन्ही कानांनी ऐकला काय, माणसाला पत्ता लागतो थोडाच! जुन्या अ‍ॅम्पने सगळं पोटात घातलं होतं, किती वर्षं ते देव जाणे.

"चेहरा का उतरला?" बायको समोर आली.

"डावा गेला."

"अ‍ॅम्प?"

"कान."

तिने खांद्यावरची चादर हातात घेतली. मग म्हणाली, "म्हणजे जेवताना तुमच्या डावीकडे बसून मी इतकी वर्षं भांडतेय, ते कोणाशी?"

मास्तरांना हसायचं होतं, जमलं नाही. "अण्णांसारखं होणार माझं. उजवाही जाणार."

"उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं. शनिवार गेला खड्ड्यात."

"मालक दुसरा आणेल."

"आणू दे. आणि घेऊ दे त्याचेही कान तपासून." तिचा आवाज मात्र जरा हलला. "डाव्यात काही उरलंय का?"

"माहीत नाही." उजवा झाकून बघायची मास्तरांची छाती होत नव्हती.

तिने चादर स्टुलामागे टाकली, पाठीशी गेली आणि त्यांच्या उजव्या कानावर तळवा घट्ट दाबला. खोली विझली. भांडी, रस्ता, पंखा, सगळं एका दमात नाहीसं झालं. मास्तरांनी गुडघे गच्च धरले. मानेवर तिचा श्वास लागत होता, म्हणजे ती बोलत होती. कुठेच काही नव्हतं. मग फार लांबून, नदीपलीकडून कोणीतरी हाक मारावी तसं काहीतरी हललं.

तिने हात काढला. "काय म्हणाले मी?"

"शब्द नाही कळले." मास्तर म्हणाले. "पण शिव्या होत्या."

"होत्याच. माझ्या भावाला."

मास्तरांनी तिचा हात धरला आणि स्वतःच पुन्हा आपल्या उजव्या कानावर ठेवला.

"अजून दे," ते म्हणाले. "सावकाश दे."