ओरडेल तो मालक

सहा वर्षं हिनं एकच वाक्य विकलं, असं तिची आत्या म्हणायची. "एकदा बंद करून चालू करून बघता का?" हॉस्पिटलभर तिचं नावच पडलं होतं, बंदचालूताई. तळमजल्यावर हेल्प डेस्कच्या काचेच्या खोलीत ती कानाला फोन लावून बसायची आणि अख्खं हॉस्पिटल तिच्या कानात ओरडायचं. प्रिंटर कागद खातो म्हणून औषधवाला, पासवर्ड विसरला म्हणून हाडांचे डॉक्टर, आणि माऊस मेला म्हणून कार्यालयातल्या एक बाई. या बाईंचा माऊस आजवर एकदाही मेलेला नव्हता, दर वेळी नुसती वायर निसटलेली असायची. पण तिला या आरडाओरडीचा कधी राग आला नाही. ओरडणारा माणूस निदान सापडतो तरी, असं तिचं म्हणणं.

मग तिची बढती झाली. तळघरातल्या मशीनरूममध्ये ज्युनियर सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर. नाव भलंमोठं, पण नेमणूक कच्ची, तीन महिने बघू मग ठरवू अशी. काही मोठं बिघडवलं तर परत वर जायचं, आणि वरची खुर्ची तर एका नव्या मुलीला देऊनही झाली होती. म्हणजे परत जायलाही जागा नाही. हे तिला पक्कं ठाऊक होतं, आत्याला नव्हतं. आत्यानं शर्टांच्या कारखान्यात जन्म काढलेला, शिलाईयंत्रांच्या खडखडाटात कान अधू झालेले, त्यामुळे ती नुसतं "मीठ दे" म्हणाली तरी दोन मजले खाली कळायचं.

तिनं जिन्यातच दवंडी पिटली, "आमची पोरगी आता फोन उचलत नाही! मशीन सांभाळते!"

"आत्या, हळू गं."

"हळू कशाला? चोरी केलीय का आपण?"

आता मशीनरूम कशी, ते सांगायला हवं. थंडगार, खिडकी नाही, आणि माणसाच्या उंचीची कपाटं ओळीनं उभी. कपाटांत यंत्रं, यंत्रांवर बारीक हिरवे दिवे, आणि सगळ्यांचा मिळून एकच घुमणारा सूर. तो सूर पहिल्या दिवशी तिच्या कानाला टोचला. नंतर तो ऐकूच येईनासा झाला. आणि मग घरी अंथरुणावर पडल्यावर तो नाही म्हणून तिला झोप लागेना. तळघरात सकाळ कुठली आणि दुपार कुठली ते समजत नसे. बसल्या बसल्या तिला वाटायचं, आपण पाण्याखाली आहोत आणि हॉस्पिटल वर कुठेतरी तरंगतंय. मधेच फोन वाजल्याचा भास व्हायचा. ती दचकून हात पुढे करायची, तर तिथं फोनच नाही. मग ती दिव्यांकडे बघत राहायची. हा लुकलुकतोय तो औषधवाला असेल. तो मंद आहे ते हाडांचे डॉक्टर, पुन्हा पासवर्ड विसरले असतील.

सोबतीला होते मशीनरूमचे प्रमुख. त्यांना सगळे पाठीमागे मौनीबाबा म्हणत. गृहस्थ दिवसाला चार शब्द बोलायचे आणि पाचवा मागितला तर चष्मा पुसत बसायचे. पण मनानं वाईट नव्हते. तिला थंडी वाजते हे बघून त्यांनी स्वतःचा जुना स्वेटर तिच्या खुर्चीवर आणून टाकला होता, न बोलता.

पहिलंच काम त्यांनी बोटानं दाखवलं. कोपऱ्यात एक म्हातारं यंत्र होतं, धुळीनं माखलेलं, अंगावर ना नाव ना चिठ्ठी.

"हे कुणाचं, सर?"

"माहीत नाही."

"करतं काय?"

"तेही नाही माहीत. काढायचंय."

काढायची रीत ऐकून तिला हसू आलं. बेवारशी यंत्राची नेटवर्कची वायर उपसायची आणि पंधरवडाभर वाट बघायची. कुणाचं काही अडलं की तो ओरडतच येतो. ओरडेल तो मालक. कुणी नाहीच ओरडलं, तर आतल्या डिस्क पुसायच्या आणि यंत्र भंगारात. मौनीबाबांच्या म्हणण्यानुसार या धंद्यातले लोक सगळीकडे हेच करतात.

"आणि पुसलेलं परत येतं?"

"नाही."

तिनं वायर उपसली. मनात म्हणाली, हे काम तर आपल्यासाठीच जन्माला आलंय. या हॉस्पिटलात कुणाचं काही बंद पडावं आणि ते आपल्या कानावर येऊ नये, असं सहा वर्षांत झालंय का कधी? रोज दुपारी ती वर जायची, काचेच्या खोलीत डोकवायची. नवी मुलगी मान हलवायची. प्रिंटर होते, पासवर्ड होते, माऊसही नेमानं मरत होता, पण वेगळं काही नाही. पंधरवडा असा तरंगत गेला.

"कोणी ओरडलं?" मौनीबाबांनी विचारलं.

"कोणी नाही, सर."

"मग पुसा."

यंत्रात दोन डिस्क होत्या, जुळ्या. एकीवर जे, तेच दुसरीवर, म्हणजे एक बिघडली तर दुसरी असावी. तिनं दोन्ही काढून पुसायच्या खोक्यात बसवल्या. खोकं आधी एक पुसतं, मग आपलं आपण दुसरीला हात घालतं. पुसणं चालू असलं की दिवा लाल, झालं की हिरवा. तिनं बटण दाबलं आणि पहिला लाल दिवा लागल्यावर तिला अगदी धन्य वाटलं. पहिलं काम, आणि कसं सुतासारखं सरळ!

आता वेळच वेळ होता. आणि खिशात नवं कार्ड होतं, ज्यानं हॉस्पिटलातलं कुठलंही दार उघडायचं. सहा वर्षं तिनं हे हॉस्पिटल नुसतं ऐकलं होतं. आज बघावं म्हणून ती निघाली. चालताना तिला सगळं स्वप्नातल्यासारखं वाटत होतं. औषधवाल्याचा आवाज चिरका, म्हणून तिनं किडकिडीत माणूस कल्पिला होता, तर खिडकीत हा पैलवान बसलेला! कार्यालयातल्या बाई चक्क तरुण होत्या आणि टेबलाखाली पाय हलवून हलवून वायर लाथाडत होत्या. दारामागून दार उघडत ती वर वर जात राहिली, आणि प्रत्येक दारामागं तिच्या ओळखीचा एकेक आवाज बसलेला होता. तिला इतकं हलकं वाटत होतं की आपण पायऱ्या चढतोय हेही जाणवत नव्हतं.

तिसऱ्या मजल्याच्या टोकाला मात्र ती थबकली. त्या दारामागचा कुठलाच आवाज तिला आठवेना. या खोलीतून कधी फोन आलाच नव्हता.

आत उजेड अगदी मंद होता. काचेच्या पेट्या, आणि पेट्यांत वेळेआधी जन्मलेली बाळं, तळहाताएवढी. एक वयस्कर सिस्टर पेट्यांमधून फिरत काहीतरी गुणगुणत होत्या. सूर पार भरकटलेला, तरी त्या नेटानं गात होत्या.

"कोण हवंय?" सिस्टर कुजबुजल्या.

"कोणी नाही. मी खालून, मशीनरूममधून आलेय. सहज."

सिस्टरांचा चेहरा उजळला. "आलात का बाई! कळलं म्हणायचं तुम्हाला."

"काय कळलं?"

"आवाज बंद पडलाय ते. पंधरवडा झाला की."

पंधरवडा म्हटल्यावर बंदचालूताईला कोपऱ्यातलं म्हातारं यंत्र आठवलं. "कसला आवाज?" तिनं विचारलं.

"या बाळांच्या आयांचा हो. आया काय चोवीस तास बसू शकतात इथं? त्यांचं बोलणं भरून ठेवायचं आणि पेटीत हळूच लावायचं. बाळं शांत राहतात. इथं एक डॉक्टर होते, त्यांनी ही सोय केली आणि ते गेले दुसऱ्या गावी. कुठलं यंत्र, कुठे असतं, आम्हाला काय ठाऊक! बंद पडलं तेव्हापासून मीच गुणगुणते. गळा नाही मला, पण ही मंडळी तक्रार करत नाहीत."

"पण मग फोन का नाही केलात?"

"मागे केला होता, दोनतीनदा, दुसऱ्याच कशासाठी तरी. इथं मोठ्यानं बोलायची सोय नाही ना. आम्ही कुजबुजणार, आणि तिकडून म्हणणार, ऐकू येत नाही, मोठ्यानं बोला. आणि ठेवून देणार. मग सोडूनच दिलं आम्ही. ज्याचं त्याला जमतं तसं निभावून न्यायचं."

तिला ते फोन आठवले. नुसता वाऱ्यासारखा आवाज यायचा. भुताचा फोन, भुताचा फोन, म्हणून हेल्प डेस्कवर सगळे हसायचे. तीही हसायची.

"आणि आया?" तिनं कसंबसं विचारलं. "त्यांच्यापैकी तरी कुणी..."

सिस्टरांनी कोपऱ्यातल्या पेटीकडे मान वळवली. तिथं चाकांच्या खुर्चीत एक बाई बसली होती, गळ्याला जाड पट्टी, मांडीवर पाटी आणि खडू. "हिला घशात गाठ निघाली. ऑपरेशन लांबवता येईना, म्हणून बाळाला आधीच बाहेर काढलं. स्वरयंत्र गेलं हो बिचारीचं, आता आवाज कायमचा नाही. आवाज जायच्या आधी सगळं भरून ठेवलंय तिनं, दिवसदिवस बोलत बसायची. परवा पाटीवर लिहून विचारत होती, माझं बंद का केलंत? मी म्हटलं, मोठ्या लोकांनी केलं असेल, करतील चालू."

पुढचं तिनं ऐकलं नाही. ती पळत सुटली. लिफ्टसाठी थांबायचा धीर नव्हता, तिनं जिनाच धरला. डोक्यात एकच, लाल का हिरवा, लाल का हिरवा. कार्ड आधी उलटं लागलं. मग दार उघडलं. पहिला दिवा हिरवा होता. दुसरा लाल. तिनं झडप घालून खोक्याची भिंतीतली वायर उपटली.

मौनीबाबा उठून उभे राहिले. "कोण ओरडलं?"

"कोणीच नाही, सर. ओरडता येणारं कोणी नव्हतंच तिथं." आणि तिनं धापा टाकत सगळं सांगितलं. भुताच्या फोनांचंही सांगितलं. सांगताना तिला कळत होतं की आपली नोकरी आपणच आपल्या तोंडानं घालवतोय, पण थांबवत नव्हतं.

मौनीबाबा ऐकत होते. मग त्यांनी अर्धवट पुसलेली डिस्क हलक्या हातानं काढली, खुर्ची ओढली आणि तिला शेजारी बसायची खूण केली. दुपारभर ते दोघं पडद्याकडे बघत बसले. ते एकेक आज्ञा लिहायचे, ती वाचून दाखवायची, मग वाट बघायची. त्या घुमणाऱ्या सुरात किती वेळ गेला कुणास ठाऊक. हळूहळू पडद्यावर फायली वर येऊ लागल्या, तळ्यातले बुडबुडे यावेत तशा.

"सुरुवातीच्या गेल्या," मौनीबाबा शेवटी म्हणाले. "बाकी आहेत."

"सर, माझ्या नेमणुकीचं..."

"पद्धत माझी होती. वर मी बोलतो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तिला कोण सांगणार?"

"मी," ती म्हणाली.

ती पुन्हा जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेली. त्या बाईसमोर ती गुडघ्यांवर बसली आणि कुजबुजत सगळं खरं सांगितलं. यंत्र मीच बंद केलं. पुसायलाही मीच लावलं. तुमचे सुरुवातीचे दिवस गेले, ते आता कधीच परत येणार नाहीत, आणि ही चूक माझी. बाईनं पेटीकडे एकदा बघितलं. मग पाटी ओढली. खडू करकरू नये म्हणून ती सावकाश लिहीत होती.

"गेले ते बरं झालं. त्यात मी नुसती खोकत होते."

हे खरं होतं की समजूत काढायला लिहिलेलं, ते बंदचालूताईला कळलं नाही.

खालून मौनीबाबांनी यंत्र जोडलं. पेटीत बारीकशी खरखर झाली आणि आवाज आला. साधा, थोडा घोगरा, घाईत नसलेला. "हं, तर काय सांगत होते मी तुला? समोरच्या गच्चीवर आज कुणीतरी लाल चादर वाळत टाकलीय. आणि तुझे बाबा बघ, एक मोजा उलटा घालून आलेत. त्यांना सांगू नकोस हं, आपण दोघीच हसू." सिस्टरांनी गुणगुणणं थांबवलं. पेटीतल्या बाळानं मूठ उघडली आणि मिटली.

बंदचालूताईला रडू फुटलं. त्या खोलीत रडायचंही आवाज न करता असतं, म्हणून तिनं तोंडावर हात दाबून धरला. समोर खुर्चीतली बाई काचेला टेकली होती आणि आपल्याच आवाजाबरोबर शब्दन् शब्द ओठांनी बोलत होती. मोजा उलटा. सांगू नकोस हं. गळ्याची पट्टी जराही हलत नव्हती. आवाज पेटीतून येत होता आणि बोलत होती तीच.