फायरवाली मंजिरी

रायपूरजवळच्या उरल्यातल्या एका स्टील कारखान्यात मी डिस्पॅचला आहे आणि मंजिरीदीदी लॅबमध्ये. भट्टीतून आलेला नमुना तपासून माल पास की नापास, हे ती सांगते. पण आमची खरी ओळख झाली ती मोबाइलवरच्या गेममुळे. ‘चक्रव्यूह’ नावाचा बंदुकांचा गेम, पाच जणांविरुद्ध पाच जण. रायपुरात त्याचे दोन मोठे संघ आहेत, आमचा उरला फायर आणि पुरानी बस्तीचा बस्ती रॉयल्स. रॉयल्सचं नाव निघालं की आमच्याकडचे लोक जेवण कडू झाल्यासारखं तोंड करतात.

फायरच्या चाहत्यांचा चार हजारांचा ग्रुप दीदीनंच उभा केला. सामना असला की ती नारिंगी टी-शर्ट घालून पहिल्या रांगेत. मागच्या वर्षी आमचा कप्तान भार्गव लागोपाठ सहा सामने हरला आणि ग्रुपवर ‘याले काढा’ असा गलका सुरू झाला. तेव्हा दीदीनं लिहिलं, “जिंकल्यावर कोनीबी येते. हरल्यावर कोन थांबते ते मी पाहून राहिली.” भार्गव कप्तान राहिला. त्या दिवसापासून मी तिचा भक्त.

या वर्षी राज्याच्या स्पर्धेत उपांत्य सामना फायर विरुद्ध रॉयल्स असा आला. शेवटच्या डावात त्यांची एकच खेळाडू उरली. ईरा, बी.कॉम. करणारी एकोणीस वर्षांची पोट्टी. आमचे तिघे जिवंत होते आणि नकाशातल्या धान्याच्या कोठारात दबा धरून होते. बाहेर धुरळाच धुरळा, दिसत काही नव्हतं. ईरानं भिंतीआडून आत गोळ्या झाडल्या. पहिल्या फैरीत भार्गव गेला. बाकीचे दोघे घाबरून बाहेर पळाले आणि दारातच आडवे झाले. आम्ही हरलो.

दीदीनं तिथेच बसून ग्रुपवर टाकलं, “भिंतीतून दिसते वाटते हिले!”

रागात टाकलेलं एक वाक्य. पण ते दीदीचं होतं. तासाभरात ‘ईरा चोर’ असे व्हिडिओ निघाले. भिंतीपलीकडचं दाखवणारं चोरटं ॲप ती वापरते, असं जो तो सांगू लागला. आयोजकांनी तिचा फोन तपासला, काही सापडलं नाही. तर आमचे लोक म्हणाले, आयोजकच रॉयल्सचे. कुणीतरी तिच्या वडिलांच्या स्टेशनरीच्या दुकानाचा नंबर ग्रुपवर टाकला. मग दिवसभर फोन आणि शिव्या. मीही एक फोन केला. पलीकडून म्हातारा आवाज आला, “बोला, काय पायजे आपल्याले?” मी फोन ठेवून दिला.

बुधवारी बातमी आली, ईरा अंतिम सामना खेळणार नाही.

जेवणाच्या सुटीत दीदी माझ्याकडे आली. डबाही उघडला नव्हता.

“सुशील, मी नमुना न तपासताच नापास लिहून टाकला रे.”

“सगळेच तर म्हणून राहिले, दीदी.”

“सगळे माह्यामुळं म्हणून राहिले.”

दोन संध्याकाळ ती त्या सामन्याचं रेकॉर्डिंग घेऊन बसली. मग आमच्या आधीच्या सामन्यांचं, अकराच्या अकरा. शुक्रवारी तिनं मला लॅबबाहेरच्या बाकावर बसवलं आणि फोन पुढे केला.

“पाय. कोठारात गेला की भार्गव कुठं उभा राहते? दाराच्या डावीकडं, ड्रमच्या मागं. अकराही सामन्यांत. ईरानं गोळ्या कुठं मारल्या? ड्रमवर.”

“म्हणजे तिले माहीत होतं.”

“हव. पाठ केलं होतं तिनं. आता हे पाय, याच सामन्यातला चौथा डाव. भार्गव पहिल्यांदाच उजवीकडं गेला. अन् ईरानं काय केलं? अख्खी फैर रिकाम्या ड्रमवर मारली अन् मेली. भिंतीतून दिसत असतं तर रिकाम्या ड्रमवर कोन मारते?”

इतकं साधं होतं, आणि चार हजारांतल्या एकानंही पाहिलं नव्हतं.

“चोरी नाई केली तिनं,” दीदी म्हणाली. “अभ्यास केला. आपल्या पोट्ट्यांचा, आपल्यापेक्षा जास्त.”

संध्याकाळी ती ग्रुपवर लाइव्ह आली. अंगात फायरचा टी-शर्ट. दोन्ही डाव तिनं शेजारीशेजारी लावून दाखवले आणि शेवटी म्हणाली, “पहिलं वाक्य माहं होतं. ते खोटं होतं. ज्यानं ज्यानं त्या दुकानात फोन केला, त्यानं आता माफी मागाले फोन करावा.”

माफी दूरच राहिली. ‘गद्दार’, ‘बस्तीत सोयरिक जमली का?’ असल्या ओळींचा पाऊस पडला. अर्ध्या तासात मतदान घेऊन तिला ॲडमिनपदावरून काढलं. जो ग्रुप तिनं बांधला, त्याच ग्रुपनं.

“निघून जा ना दीदी या ग्रुपातून,” मी फोनवर म्हणालो.

“काहून? संघ माहा हाय.”

शनिवारी आम्ही स्कूटीवर पुरानी बस्तीत गेलो. ती पुन्हा त्याच टी-शर्टात.

“दीदी, त्यांच्या पाऱ्यात, त्यांच्याच मोहल्ल्यात जाऊन राहिलो. हे बदलून तरी घे.”

“मी कोन हाय ते लपवून माफी मागू का?”

मंदिराजवळच्या गल्लीत ते लहानसं दुकान होतं. गल्ल्यावर ईराचे वडील, अच्युतकाका. नारिंगी रंग दिसताच उठून उभे राहिले. दीदीनं हात जोडले.

“काका, तुमच्या पोरीबद्दल पहिलं वाईट मी बोलली. माफी मागाले आली.”

मग मीही सांगितलं, “मी फोन केला होता काका. बोललो काईच नाई.”

“बोलले नाई ते एकटे तुम्हीच,” काका म्हणाले, आणि आतल्या दाराकडे वळून हाक मारली, “ईरा, बाहेर ये बेटा.”

ती आली. डोळ्यांखाली काळं, हातात फोन नाही. रायपुरातल्या आमच्या पिढीतल्या पुष्कळांप्रमाणे तिलाही मराठी सगळी कळते, पण उत्तर हिंदीत.

“आपका वीडियो देखा मैंने,” ती दीदीला म्हणाली. मग एकदम, “आपको ड्रम वाली बात कैसे पता चली?”

“अकरा सामने पाह्यले.”

“मैंने भी! पूरे ग्यारह!”

पुढची वीस मिनिटं काका आणि मी नुसते ऐकत होतो. वह्यांच्या गठ्ठ्यांवर खोडरबर मांडून त्या दोघी एकमेकींना कोठार समजावत होत्या, कोण कुठून येतं, पावलांचा आवाज कुठे थांबतो. ईरा हसली तेव्हा काकांनी मान फिरवून चष्मा पुसला.

“उद्या खेळशील ना?” दीदीनं विचारलं.

ईरानं वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. “खेलूँगी. आप आओगी? हमारे लिए चिल्लाओगी?”

“येईन. चिल्लावनार नाई. मी फायरची हाय.”

रविवारी सकाळी ग्रुपवर भार्गवचा निरोप आला. इतके दिवस तो गप्प होता. ‘मी ड्रमच्या मागेच उभा राहतो. ती चांगली खेळली. दीदीला गद्दार म्हणणाऱ्यांनी माझ्यासाठी ओरडू नये.’ दुपारी बिलासपूरच्या संघाशी अंतिम सामना होता. हॉलमध्ये रॉयल्सच्या निळ्या गर्दीत मंजिरीदीदी एकटी नारिंगी बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो. मग भार्गव आला. मग एकेक करत अठरा जण. कुणी घोषणा दिली नाही. ईरा जिंकली तेव्हा दीदीनं उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि लगेच खाली बसली.

आमच्या ग्रुपमधून हजारेक लोक निघून गेले. दीदीला पुन्हा ॲडमिन कुणी केलं नाही, तिनं मागितलंही नाही. काकांच्या दुकानात माफीचे किती फोन गेले ते विचारलं, तर ते म्हणाले, “एकतीस. एक तर रडूनच राहिला होता बिचारा.”

दोन महिन्यांनी लीगमध्ये फायर आणि रॉयल्स पुन्हा समोरासमोर आले. ईरा मंचावर आली तेव्हा तिनं पहिल्या रांगेकडे पाहून हात हलवला. दीदीनंही हलवला, आणि सामना सुरू होताच बाकावर चढून ओरडू लागली, “पाडा रे तिले! पाडा!” आम्ही एका डावानं जिंकलो. सोमवारी तिचा आवाज पार बसला होता, आणि दिवसभर नमुन्यांचे निकाल ती कागदावर लिहून भट्टीवर पाठवत होती.