जांभळीच्या आसवांना मुंग्या

“बाई, राईत पाखरू बोलंना झालंय औंदा,” धोंडाबाई पौषात म्हणाली होती.

वलवणच्या धरणापाशी इंदुमतीच्या नवऱ्याला क्वार्टर मिळालं होतं. वरच्या ठाकरवाडीतली धोंडाबाई तिथे चुलीसाठी शेण्या घेऊन यायची. पौष निम्मा सरला तरी थंडीचा पत्ता नव्हता, आणि लेकीला, मंजूला, स्वेटर घालावा की नको याच काळजीत इंदुमती होती. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेली असूनही ती सहज म्हणून गेली, “पाऊस झाला की बोलतील हो पाखरं, मावशी.”

धोंडाबाईने पाटी उचलली. “झाडंबी कशी गपगार उबी हाईत,” एवढंच म्हणून ती गेली.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो उन्हाळा. वैशाखात बातमी आली: राईतली थोरली जांभूळ रडतेय. आभाळात ढग नाही आणि झाडाखाली टपटप थेंब! टाकव्याहून, पार सोमाटण्याहून माणसं ट्रक भरभरून येऊ लागली. त्यांच्या आधीच एक बुवा येऊन बसला होता. भगवी लुंगी, कपाळभर भंडारा. लोक त्याला आसवबुवा म्हणू लागले.

राई देवीची, तिची रीत जुनीच. पायताण बाहेर, कुऱ्हाड बाहेर, पडलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, मान खाली घालून चालायचं. बुवाने त्या रीतीला आपल्या पदरचं शेपूट जोडलं: “जो वर बघील त्याचं डोळं जातील! माय रडत असताना लेकरांनी तिच्या तोंडाकडं बघायचं न्हाई!”

धोंडाबाईच्या शेण्या यायच्या थांबल्या, तेव्हा इंदुमतीने चौकशी केली. धोंडाबाईचा नातू कोंडू हगवणीने आजारी होता. आणि तो दवाखान्यात नव्हता, राईत होता. मंजूला कडेवर, हातात छत्री आणि पाण्याचा फिरकीचा तांब्या घेऊन इंदुमती दुपारीच डोंगर चढली.

राईत पाऊल टाकलं आणि तिला पहिल्यांदा कळलं, धोंडाबाई काय म्हणत होती ते. एवढी दाट राई, पण एक चिमणीही चिवचिवत नव्हती. भर वैशाखात पायाखाली कोवळी पानं वाळून पडलेली. जी झाडावर होती ती काजळी फासल्यागत काळी. आणि त्या मुक्या सावलीत फक्त थेंबांचा आवाज. टप. टप.

जांभळीच्या बुंध्याशी तांब्याचं घंगाळ मांडलेलं, भोवती हळदीचं जाड कडं, पलीकडे बुवा आणि मान खाली घातलेली गर्दी. शेजारी धोंडाबाईची लेक गंगी बसली होती. तिच्या मांडीवर कोंडू. पोर रडत नव्हतं. डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली.

“गंगे, पाणी कधी पाजलंस याला?”

“पानी न्हाई द्यायचं, बाई. शुक्कीरवारपातूर निस्तं तीर्थ. पानावरनं थेंब थेंब.”

“बुवानी घातलीया आन,” मागे उभी असलेली धोंडाबाई खालमानेने म्हणाली. “आमी काय करावं?”

बुवाने डोळे वटारले. “हितं शिकल्यालं लोक नुसता इटाळ करत्यात! बाई, मायचं आसू हाय ह्ये. ह्याच्यात गंगा हाय, गोदा हाय, झालंच तर पेन्शिलीनबी हाय!”

“इंजेक्शनची सुई कुठाय मग?” मागून कुणीतरी खुसखुसलं. बायकांनी त्याला दटावलं.

तेवढ्यात मंजूने गालावर पडलेला थेंब चाटला.

“आई, गोड आहे.”

“गप, मंजू.”

“पण रडल्यावर तर खारट लागतं ना?”

बायकांत चुळबुळ झाली. बुवा गरजला, “मानसाचं आसू खारं! देवीचं गोडच असायचं!”

पण इंदुमतीची नजर हळदीच्या कड्यावर खिळली होती. घरी साखरेच्या डब्याभोवती ती अश्शीच हळद ओढायची.

“बुवा, हे कडं कशाला?”

“भुतंखेतं आत येऊ ने म्हनून.”

“बघू या कसली भुतं येतात ती.” आणि कुणी अडवायच्या आत तिने पायाच्या अंगठ्याने कडं एका बाजूला पुसून टाकलं.

गर्दी वाकून बघू लागली. पाचोळ्यातून एक मुंगी आली. मग दुसरी. मग बारीक काळी रांगच लागली. सरळ घंगाळाच्या काठावर चढली.

“आवो, ह्या तर मुंग्या!” सरुबाई नावाची म्हातारी तोंडाला पदर लावून म्हणाली. “भुतं लयच बारकी निगाली, बुवा!”

हशा पिकला. आता इंदुमतीने मान वर केली. कुणीतरी “बाई, नगं!” म्हणून किंचाळलं. तिचे डोळे जागच्या जागी राहिले. तिने मंजूचा पांढरा रुमाल पसरला, छत्रीच्या मुठीने खालची फांदी हलवली. रुमालावर तांदळाएवढे करडे किडे टपाटप पडले आणि उड्या मारू लागले.

“तुडतुडं!” एक बाप्या ओरडला. “आंब्याच्या मोहराला लागत्यात त्यातलंच की!”

“तेच. झाडाचा रस पितात आणि मागच्या मागे टाकतात. तुम्ही पोरांना पाजलंत ते यांचं मूत.”

थू थू करत माणसं मागे सरली. बुवा भंडाऱ्याची पिशवी चाचपू लागला. त्याला आधीपासून ठाऊक होतं. नसतं तर हळद कशाला ओढली असती?

इंदुमतीला मात्र हसू आलं नाही. दोन वर्षं पाऊस दगा देऊन गेला होता, थंडी पडलीच नव्हती. थंडीत मरायचे ते किडे जगले, वाढले. आणि तहानलेल्या झाडांच्या अंगात त्यांना तोंड द्यायची ताकद उरली नव्हती. जांभळीच्या अंगातलं पाणी थेंब थेंब चाललं होतं. मांडीवरच्या कोंडूचंही तेच चाललं होतं. आणि माणसं खाली हात जोडून बसली होती.

तिने फिरकीच्या तांब्यातलं उकळलेलं पाणी चमच्याने कोंडूच्या ओठांना लावलं. पहिला चमचा तसाच ओघळला. दुसराही. तिसऱ्याला पोराने घोट घेतला, आणि गंगीने हंबरडा फोडला. भाविकांना घेऊन आलेल्या ट्रकनेच त्याला लोणावळ्याला नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं. कोंडू वाचला.

खालच्या वाडीतल्या शकुबाईची तान्ही मात्र गेली. तीही तीर्थावरच होती. राईत येता येत नव्हतं म्हणून घरीच थेंब नेले होते. तिच्याकडे कुणीच गेलं नाही; इंदुमतीसुद्धा नाही, कारण ते कुणी तिला सांगितलंच नाही.

पुढे पाऊस झाला. राईतली निम्मी झाडं फुटली, जांभूळ फुटली नाही. ती अजून तशीच उभी आहे. रीतच आहे, मेलेल्या झाडालाही हात लावायचा नाही. धोंडाबाई आता काही बोलली की इंदुमती हातातलं काम ठेवते आणि ऐकते.

तुमच्याकडेही इंदुमतीचं एक मागणं आहे. झाड रडत नाही; ते आजारी पडतं. आजारी झाडाखाली तीर्थ गोळा करू नका, मान वर करून बघा. आणि तुमच्या आळीत, वाडीत कुणाचं मूल आजारी असेल, घरात अंगारा-तीर्थ चालू असेल आणि रडण्याचा आवाज येईनासा झाला असेल, तर हे वाचून होताच उठा. त्या घरी जा. पोराच्या ओठांवरून बोट फिरवा. कोरडे लागले, तर बुवाशी भांडण नंतर. आधी पाणी, आणि लगेच डॉक्टर. जाऊन बघाल ना?