फळ्यावरचा चोवीस

जिन्याखाली, सायकलींच्या मागे टेकवलेला मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. उमेळ्याच्या एका शाळेने मला काढून टाकले, तेव्हा विरारच्या या सोसायटीने उचलून आणले. शाळेत माझ्यावर भूमिती असे. इथे 'उद्या पाणी येणार नाही' असे लिहीत. ते भाकीत कधी चुकले नाही.

यंदा गणपतीत डोळ्यांची साथ आली. तिसऱ्या मजल्यावरची मेघना कॉलेजात गणित शिकवते. रविवारी तिने मला बाहेर काढून पुसले आणि नवे रुग्ण लिहिले: सोमवारी तीन, गुरुवारी सहा, रविवारी बारा. पुढे येत्या बुधवारचा अंदाज, चोवीस.

"काय गं, लकी ड्रॉ आहे का?" चेअरमन जगन्नाथकाकांनी विचारले.

"काका, एकजण दोघांना लागण देतोय. सरासरी एकाहून कमी जणांना दिली, की साथ आपोआप विझेल. आरतीनंतर सगळे डोळ्यांना हात लावतात, त्याच हातांनी तबक धरतात, टाळ पुढे देतात. तबक टेबलावर राहू दे, नमस्कार लांबून."

"म्हणजे बाप्पाला गणित शिकवणार तू!"

तबक दारोदार फिरवण्याचा मान अकरा वर्षे मेघनाच्या सासूबाईंचा, प्रेमलताकाकूंचा. त्या फुगल्या.

"आई, शुक्रवारी तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. डोळे आले तर डॉक्टर हात लावणार नाहीत. दोनदा पुढे गेलंय."

काकूंनी माझ्याकडे बघितले. त्यांना मी धुरकट दिसत असणार. पण चोवीस मोठा लिहिला होता. त्यांनी तबक टेबलावर ठेवले. काकूंनीच ठेवले म्हटल्यावर बाकीच्यांनी मुकाट्याने टाळही आपापले आणले.

बुधवारी नवे रुग्ण निघाले पाच.

"चोवीस म्हणाली होतीस," काका खूश होऊन म्हणाले. "गणित कच्चं आहे तुझं."

"हो काका. चुकावं म्हणूनच मांडलं होतं."

माझ्या उभ्या आयुष्यात चुकलेल्या उत्तरावर एवढे समाधान मला कधी वाटले नव्हते. दुसऱ्या दिवशी चोवीस पुसून कोणीतरी 'पाणी येणार नाही' लिहिले आणि मी पुन्हा सायकलींमागे गेलो. तक्रार नाही. फक्त मित्रांनो, फळा पुसण्याआधी एकदा वाचत जा, आणि पुसताना फडके ओले घ्या.

ऑपरेशननंतर आठवड्याने काकू जिना उतरताना माझ्यापाशी थबकल्या.

"अगं मेघना, हा फळा हिरवा आहे होय? मी इतकी वर्षं काळाच समजत होते!"